काकूंच्या कोकराला हळदकुंकू

डर्बीशायरच्या आमच्या मेंढ्यांच्या काकू पाहुण्यांना आल्या आल्या चहा विचारत नसत. गाडीतून उतरलं की आधी पायांकडे बघायच्या, बरोब्बर मापाचे चिखलातले बूट पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "इथे गेस्ट कुणी नाही हं. एक्स्ट्रा पेअर ऑफ हँड्स!" आणि आम्ही मँचेस्टरचे शहाणे, राहण्याचे पैसे देऊन वर राबायला दरवर्षी लॅम्बिंगला, म्हणजे मेंढ्या विण्याच्या दिवसांत, पुन्हा हजर.

मूळच्या सांगलीच्या काकू कॉव्हेंट्रीत नर्स होत्या. जॉर्जशी लग्न करून शेतावर आल्या आणि तो गेल्यावरही त्यांनी मेंढ्या सोडल्या नाहीत, पाहुणेही नाहीत. बोलणं एरवी तुटक. गोडवा सगळा मेंढ्यांच्या वाट्याला. "अगं बाई, पुश कर ना जरा," असं अडलेल्या मेंढीला विनवताना मी त्यांना ऐकलंय.

एका वर्षी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन गेले. शेडमध्ये नुकतंच जन्मलेलं कोकरू पाहून त्यांना भरून आलं. कुणाचं लक्ष जायच्या आत त्यांनी पर्समधल्या डब्या काढून त्याला हळदकुंकू लावलं, वर खोबरेल तेलाच्या हातांनी कुरवाळलंही. झालं! मेंढीने कोकराला हुंगलं आणि ढुशी मारून लांब ढकललं. तिला आपल्या पिल्लाचा वासच ओळखू येईना.

"माझ्यामुळे लेकरू आईला मुकलं," म्हणत सासूबाई रडवेल्या झाल्या. आता काकू फाडफाड बोलणार म्हणून मी अंग चोरून उभी. काकूंनी कोकरू कोमट पाण्याने पुसलं, मेंढीचंच दूध काढून त्याच्या अंगाला चोळलं आणि म्हणाल्या, "वहिनी, खाली बसा. हिचं डोकं धरून ठेवा. पिलू प्यायला लागलं की होईल ओळख."

सोवळ्याओवळ्याच्या माझ्या सासूबाई नव्या साडीनिशी पेंढ्यात बसल्या. जेवणही काकूंनी तिथेच आणून दिलं. हात सोडला की मेंढी पुन्हा ढुशी मारी. संध्याकाळी मात्र हात सोडल्यावरही ती हलली नाही. कोकरू शेपटी हलवत पीत राहिलं आणि सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांना इतकं आनंदी मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

वयाने मोठ्या असूनही निघताना त्या काकूंच्या पायांशी वाकल्या. काकूंनी त्यांना वरच्यावर धरलं. "अहो, काय हे! बुटांना लेंड्या लागल्यात."

पुढच्या लॅम्बिंगच्या आधीच काकू गेल्या. मला अजून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. फोनवर कळवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तेवढा नमस्कार करू द्यायला हवा होता गं त्यांनी."