गुळाची अकरावी ढेप

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

बाळूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कळंबला आमची कांद्याची शेती, आणि भावजी भरलेली गोणी एकट्यानं पाठीवर घेणारे. मी गावातली आशा सेविका. करोनाच्या दिवसांत घरोघरी पाहणी चालली होती — नाव, वय, वजन, साखर. वजन कशाला? तर ज्यांचं फार आहे, त्यांची छाती या आजारात लवकर भरते. त्यांना ताप आला की घरी ठेवायचं नाही, लगेच दवाखाना. हे गावभर कोण सांगत हिंडत होतं? मीच.

मग आमच्याच घराची पाळी आली. भावजी कांदा तोलायच्या काट्यावर हसत हसत चढले. म्हणाले, "वहिनी, एकशेबारा भरलं बघा. लिवा बिनधास."

मी लिहिलं — अठ्ठ्याहत्तर.

त्याच आठवड्यात महाळुंगे पडवळची मंडळी लग्नासाठी त्यांना बघायला येणार होती, आणि कागद गोळा करणारी बाई मुलीची मावशी होती. आकडा तिच्या डोळ्यांखालून जाणार, या लाजेपायी मी तो बदलला. पुढं ते स्थळ पत्रिकेवरूनच फिसकटलं. कागद मात्र तसाच राहिला.

महिन्याभरात भावजींना ताप आला. डॉक्टरांनी पाहणीची यादी बघून फोनवर सांगितलं — वजन बेताचंच आहे, राहू द्या घरी. खरा आकडा सांगायला कितीसा वेळ लागतो? मी तीन दिवस लावले. नोकरीची भीती, गावाची भीती — आणि पलीकडच्या खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता. चौथ्या दिवशी ओठ निळे दिसले, तेव्हा मी गाडी आणवली आणि मंचरचा दवाखाना गाठला. तिथंही वजन विचारलं नाही, की मी सांगितलं नाही.

सतरा दिवसांनी भावजी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरले. तो आनंद मला अजून पुरतो. हलगी वाजली, गुलाल उधळला, सासूबाई रडता रडता हसत होत्या. त्यांनी नवस बोलला होता — लेक वाचला तर देवापुढं गूळतुला.

देवळात मोठा तराजू टांगला. एका पारड्यात भावजी, दुसऱ्यात दहा दहा किलोच्या ढेपा. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या सुनंनं वाचवला त्येला. येळंवर नेला म्हणून हाये." सरपंचांनी मला साडी-नारळ दिला. मी घेतला. पदर पुढं केला आणि घेतला.

आठवी ढेप ठेवली. माझ्या कागदाप्रमाणं भावजींचं पारडं इथंच वर यायला हवं होतं. ते हललंही नाही. नववी. दहावी. लोक मोठमोठ्यानं मोजत होते. आजारात आठ किलो झडूनही माणूस भक्कम बसला होता, आणि प्रत्येक ढेपेला मला अभिमान वाटत होता — हो, अभिमानच. सासूबाईंनी अकरावी ढेप माझ्या हातात दिली. मी ती पारड्यात ठेवली आणि भावजी अलगद वर आले. अख्खं देऊळ टाळ्या वाजवत होतं.

मग तो गूळ फोडून गावभर वाटला. पहिला खडा भावजींनी मला दिला. मी खाल्ला.