व्हेरोनिकाबाईंची चाळीस दिवसांची वही

व्हेरोनिकाबाईंना मी चांगली ओळखते, म्हणून सांगते. त्या बाईंचा देवावर फारसा भरवसा नव्हता, हजेरीवर होता. आमच्या बंदरावरच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षं त्या रविवारच्या शाळेच्या मुख्य बाई. आधी पोस्टात शिक्के मारायच्या. निवृत्त झाल्या, पण हाताची सवय काही गेली नाही. डोक्यावरची लेसची पांढरी ओढणी अशी कडक इस्त्रीची, की मिस्साच्या प्रार्थनेला त्यांच्या मागे बसणाऱ्याला वेदीच दिसायची नाही.

मी त्याच चर्चच्या स्वयंपाकघरातली एमिलिया. रविवारी दोनशे माणसांच्या कालगुक्सूचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं, पीठ मीच लाटते आणि शेवयाही मीच कापते. तोंडाची मी फाटकी, हे सगळ्या बंदराला ठाऊक आहे.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं, की पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद पहिल्यांदा, घेणाऱ्या मुलांना एकांतातल्या प्रार्थनेची गोडी लावायची. रोज घरी, दार लावून, दहा मिनिटं देवाशी बोलायचं. चांगलंच आहे की! पण मग आईबापांनी वहीत सही करायची. सही दिसली की हॉलमधल्या तक्त्यावर सोनेरी चांदणी. चाळीस दिवस, चाळीस सह्या. कमी पडल्या तर कम्युनियन पुढच्या वर्षी.

"दार लावून करायची, तर सही करणाऱ्यानं काय फटीतून बघायचं?" मी विचारलं.

"एमिलिया, तुम्ही तुमच्या शेवया बघा," बाई म्हणाल्या.

आयांनी काय करावं? शनिवारी टीव्हीसमोर बसून सात सह्या एका दमात ठोकल्या. एका कार्ट्याच्या वहीत तर पुढच्या आठवड्याच्याही सह्या होत्या. बाईंनी त्यालाही चांदण्या दिल्या. धन्य ती बाई!

तक्त्यावर एकट्या दान्बीची ओळ कोरी. दान्बी नऊ वर्षांची, ओक तेसोपची मुलगी. तेसोप माकूळ पकडणाऱ्या मासेमारी बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. घरात आई नाही. पोरगी शेजारणीकडे जेवायची. शाळा सुटली की रोज चर्चमध्ये यायची आणि मागच्या बाकावर बूट काढून बसायची. भांडी घासता घासता मी खिडकीतून बघायचे. तिचे ओठ हलायचे, हातवारे चालायचे. एकदा तर चक्क कुणाशी तरी भांडत होती.

"आण ती वही, मी करते सही," मी म्हटलं. "मी बघितलंय तुला."

"मावशी, तुम्ही मला बसलेलं बघितलंय," ती म्हणाली. "वहीत लिहिलंय 'प्रार्थना केली'. कधीकधी मी नुसतीच बसते."

घ्या! एवढीशी पोर आणि हे उत्तर! मी आपली भांडी विसळली.

बाईंनी यादीतून तिचं नाव काढलं. तेसोपनं कम्युनियनच्या दिवसासाठी बोटीच्या मालकाकडे रजा मागून ठेवलेली, शेजारणीनं पांढरा झगा शिवून ठेवलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटच्या रविवारी दुपारी फादर मुलांची तोंडी परीक्षा घेत होते. मी सातूचा चहा घेऊन गेले. समोर दान्बी उभी, टेबलावर तिची कोरी वही, शेजारी बाई.

"नियम म्हणजे नियम, फादर. बाकीच्यांनी केलंच की नाही?"

"बरं," फादर म्हणाले. "तुम्हीही मुलांबरोबर वही ठेवली होतीत ना? बघू."

बाईंनी तोऱ्यात पिशवीतून वही काढली. चाळीसच्या चाळीस सह्या. फादरांनी पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं.

सह्या माझ्या होत्या. हो, माझ्याच! दर रविवारी जेवणं आटोपली की बाई वही पुढे सरकवायच्या आणि मी पिठाच्या हातानं आठवड्याच्या सह्या एकदम करायचे. वर त्या आयांना हसायचे.

"एमिलिया, तुम्ही यांना प्रार्थना करताना पाहिलंत?" फादरांनी विचारलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नजरेत विनवणी होती. दान्बीही बघत होती.

"नाही, फादर. शेवटच्या सात तर आत्ताच जेवणानंतर केल्या."

फादरांनी दोन्ही वह्या मिटल्या. यादी ओढून दान्बीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. "झग्याला इस्त्री कर म्हणावं शेजारणीला," एवढंच तिला म्हणाले. पोरगी बूट घालायचं विसरून पळाली.

मी स्वयंपाकघरात येते न येते तोच बाई मागून आल्या. कानापर्यंत लाल.

"खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"चाळीस वेळा बोललेच होते की!"

बाई पिठाच्या पाटासमोर मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "मला काही सुचतच नाही हो, एमिलिया. दार लावून बसते, आणि दहा मिनिटं नुसतं घड्याळ बघते."

टोमणा अगदी जिभेवर आला होता. तो मी गिळला. मी तर कधी दार लावूनसुद्धा बसले नव्हते.