मावशीची पात

माझ्या गळ्यात शर्ट बांधला होता. पांढरा, शाळेच्या गणवेशाचा, एका बाजूनं कॉलर वर चढलेला. बाह्यांची गाठ मानेमागं मारलेली. मी शिलाई मशीनच्या रांगेच्या तोंडाशी उभी होते. समोर चाळीस बायका. मशीन बंद ठेवून बघा, असं त्यांना सांगितलं होतं. त्या बघत होत्या.

गाठ मारणारे आमच्या गावचे धाकटे मालक. कारखान्याला बायका पुरवायचा गुत्ता त्यांच्याकडं होता. सुपरवायझरही तेच.

"ही लई दयाळू," ते म्हणाले. "आपलं झालं की दुसरीचं शिवती. ए, हे रान न्हाय. पात धरायची आसंल तर खुरपं घिऊन ये."

काही जणी हसल्या. मालक विनोद करतात तेव्हा हसावं लागतं. सोनामावशी हसली नाही. तो शर्ट तिनं शिवलेला होता.

चहाच्या घंटेपर्यंत मी तशीच उभी होते. आत काही फुटलं वगैरे नाही. मान खाजत होती.

माझा गुन्हा समजायला खुरपणी माहीत हवी. रानात प्रत्येक बाई एक पट्टा धरते, त्याला पात म्हणतात. जिची पात आधी लागते, म्हणजे संपते, ती बांधावर बसत नाही. वळते, आणि मागं राहिलेल्या बाईच्या पातीत समोरून खुरपत येते. दोघी मध्ये भेटतात. सगळ्यांच्या पाती लागल्याशिवाय कुणी रानाबाहेर पडत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला ते सोनामावशीनं शिकवलं. ती आमच्या गल्लीतली, आईच्या जोडीची. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मागं पडायचे, आणि समोरून तिचं खुरपं यायचं. रान धाकट्या मालकांच्या वडिलांचं होतं.

मग तामलवाडीच्या पुढं, सोलापूर रस्त्याला, पत्र्याचं शेड उभं राहिलं. आमच्या गावातून टमटम भरून बायका जाऊ लागल्या. गाव भोंग्यावर उठू लागलं. भाकरी डब्यात वाळते म्हणून पोळ्या आल्या. नात्यातल्या मयतीला जायचं तर आदल्या दिवशी अर्ज हवा होता. माणूस आदल्या दिवशी कळवून मरत नाही, हे आम्ही सांगून पाहिलं. लघवीला जायचं तर लाकडी बिल्ला घ्यायचा. रांगेत एकच बिल्ला. तो दुसरीकडं असेल तर दम धरायचा. बायकांनी पाणी पिणं कमी केलं.

तरीही मी खूश होते, हेही सांगितलं पाहिजे. डोक्यावर पंखा होता. बसायला स्टूल होतं. मालकांच्या दारात आमची माणसं आजवर जमिनीवर बसली. इथं ते समोरून जायचे आणि मी बसून असायचे. मला वाटलं, सुटलो.

मावशीला पांढऱ्या कापडावरचा पांढरा दोरा नीट दिसत नव्हता. निळे शर्ट असले की तिचं काम चालायचं. त्या आठवड्यात पांढरे आले. तिच्याजवळ कॉलरचा ढीग साचला. माझा गठ्ठा संपला. मी विचार केला नाही. हात वळले. तिच्या ढिगातल्या तळाच्या कॉलर घेऊन मी शिवू लागले. तिनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. रानातही ती एवढंच करायची.

चहानंतर आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मालकांनी कोरा कागद पुढं सरकवला.

"तू बारावी झालेली हैस. लिही. मावशीला काम जमत न्हाय, ती आपल्या मनानं सोडायलीय. खाली तिची सही घे. तुझं आजचं मी इसरून गेलो."

मावशी म्हणाली, "मालक, निळं द्या की मला. निळं दिसतंय."

"शाळांनी तुझ्या डोळ्याला इचारून रंग ठरवायचे का?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "लिही बाई. तू तरी ऱ्हा."

मी खुर्ची ओढली आणि मालकांच्या समोर बसले.

"तुला बस म्हणलं का मी?"

"लिहायला बसावं लागतं."

मी लिहिलं. वार, वेळ, रांग, शर्टाचा रंग. गाठ कुणी मारली. कोण काय बोललं, ते त्याच शब्दांत. मावशीनं निळं कापड मागितलं, तेही. मावशीनं काम सोडलेलं नाही, हे शेवटी. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशीनं पेन मागितलं. तिला फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं. तेवढं तिनं सावकाश लिहिलं. त्याखाली मी सही केली.

"असला कागद इथं चालत न्हाय," मालक म्हणाले. "दोघी बी चालू लागा."

मी कागद घडी करून बरोबर घेतला. फाटकाकडं जाताना रांगेकडं बघितलं. बाकीची सगळी मशीन चालू होती. एकही बाई उठली नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण मी ते विसरलेलेही नाही. त्या सगळ्या खुरपायला गेलेल्या बायका होत्या.

आठ दिवसांनी मालकांचा माणूस घरी आला. आईनं चहा ठेवला. तो म्हणाला, "मालकाचा राग उतरलाय. उद्यापासून ये. रांगेवर देखरेख करायची, मशीनवर बसायचं न्हाय. तेवढा कागद दे. अन् म्हातारीचं काढू नको."

आई माझ्याकडं बघत होती. घरात दुसरी कमाई नव्हती.

मी विचारलं, "मावशीला निळं कापड देणार का?"

"तिचं सोड की."

"मग मी येत नाही. कागदही देत नाही."

त्यानं चहा अर्धा ठेवला.

सोमवारी मी आणि मावशी पहिल्या एसटीनं धाराशिवला निघालोय. तिथं कामगारांच्या तक्रारी घेतात म्हणे. तुझा एकटीचा अर्ज वेगळा कर, तो लवकर निकाली निघेल, असा सल्ला मला आत्तापर्यंत तिघांनी दिला. वेगळा करणार नाही. अर्ज एकच. पहिली सही मावशीची. तिला आत घेतल्याशिवाय मी त्या फाटकातून आत जाणार नाही.