पायवाट समिती आणि मधला चहा

"तिच्यासमोर बिनधास्त बोला हो. तिला माणसांत धरू नका!"

हे आमचे कक्ष अधिकारी पेडणेकर साहेब समितीच्या एका सदस्यांना सांगत होते. खालापूरच्या विश्रामगृहात, प्लायवूडच्या पार्टिशनच्या त्या बाजूला. ह्या बाजूला मी चहात बिस्किट बुडवून बसले होते. ऐकता ऐकता बिस्किट तुटून तळाशी गेलं.

मी प्रतिवेदक. म्हणजे समितीच्या बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घेणारी. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलंच होतं, की प्रतिवेदकानं खोलीत खुर्चीसारखं असावं. त्यामुळे वाईट वाटून घ्यावं की शाबासकी समजावी, तेच कळेना.

पण एक आहे. बैठकीत बोललेलं रेकॉर्डमध्ये जातं आणि उरलेलं आमच्याकडे साठतं. फायलीत लावता येत नाही, टाकूनही देता येत नाही. ह्या एका समितीचंच माझ्याकडे इतकं साठलंय, की आता सांगून टाकते.

आमच्या समितीला सगळे 'पायवाट समिती' म्हणायचे. कर्जत-खालापूरकडे प्लॉटिंग झालं, फार्महाउस आली, तारेची कुंपणं आली आणि वाड्यांवरून खाली उतरायच्या जुन्या वाटा कुंपणांच्या आत गेल्या. त्या कुणाला अडवता येऊ नयेत म्हणून एक विधेयक आलं. ते सभागृहात जाण्याआधी समितीनं लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि टिकवायच्या वाटांची यादी विधेयकाला जोडायची. त्यात खंड सहा असा होता, की ज्या वाटेबद्दल सुनावणीत कोणीच बोललं नाही, ती वाट यादीत नाही. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं विधेयक मलाही आठवत नाही.

ही ड्यूटी मला का, तर "तू आता तिकडचीच ना?" असं पेडणेकर साहेब म्हणाले म्हणून. माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन कर्जतकडच्या पोशीरला येऊन चार महिने झाले होते. मी 'तिकडची' झाले, हे मला ऑफिस ऑर्डरवरून कळलं!

*

पहिल्याच बैठकीत अध्यक्षसाहेब एका खात्यावर घसरले. पाच मिनिटं मनसोक्त बोलले, मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे रेकॉर्डवर घेऊ नका."

मी नवीन. सांगितलं तसं केलं. त्यांचं सगळं बोलणं गाळलं, पण हे शेवटचं वाक्य काही कुणी गाळायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत त्यांच्यासमोर गेली. त्यात असं होतं:

'श्री. अध्यक्ष : नमस्कार. हे रेकॉर्डवर घेऊ नका. आता आपण चहा घेऊ.'

अध्यक्षसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले, "पेडणेकर, माझं इतकं मुद्देसूद भाषण आजवर कुणी छापलं नव्हतं!"

*

खालापूरची पहिली सुनावणी अकराला होती. कोरमला एक सदस्य कमी पडत होते, दादासाहेब. फोन केला की म्हणत, "टोलवर आहे. पोचलोच."

अकराचे साडेबारा झाले. व्हरांड्यात गावोगावची माणसं कागद घेऊन बसलेली. अध्यक्षसाहेब शेवटी विश्रामगृहाच्या गच्चीवर गेले आणि तिथून फोन लावला, "दादासाहेब, मला इथनं टोलनाका दिसतोय. तुम्ही दिसत नाही!"

पलीकडून आधी चमच्याचा आवाज. मग "साहेब, जरा मिसळ सांगितली होती हो…"

बैठक रद्द झाली. माणसं उठली. एक म्हातारी तेवढी बसून होती. डोंगरातल्या वाडीवरून पहाटे चालत निघालेली, नाव सोमीबाई. कुंपणामुळे वाट बंद, म्हणून डोंगराला वळसा घालून आलेली. तिला म्हटलं, "आज्जी, आज नाही होणार."

"पुन्हा येईन. खाली शाळेत जाय तीच वाट हाय आमची. मयत नेतो तीबी तीच." मग मला नीट निरखून म्हणाली, "तू कोनाची गं?"

चार महिन्यांत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर 'चहा टाकते' असं नव्हतं. मी सांगितलं, पोशीरला दिलीय, माहेर लांब आहे.

"बोलत नायस फार."

"माझं काम ऐकायचं आहे."

"मंग बरा हाय," ती म्हणाली. "मला ऐकनारीच पायजे व्हती."

*

आमचं काम टर्नमध्ये चालतं. दहा मिनिटं मी लिहायचं, मग दुसरे प्रतिवेदक वाघमारे सर येऊन शेजारी बसतात, मी उठते आणि बाहेर जाऊन टाइप करते. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मला दहा मिनिटांचीच माहीत असते.

एकदा जेवताना सासूबाईंनी कधी नव्हे ते विचारलं, "आज काय झाला गं तुमच्याकडं?"

मला काय आनंद झाला! मी सांगायला लागले. एका माणसानं भावाच्या शेतातली वाट नांगरली, भावजय नांगरासमोर आडवी पडली, गाव गोळा झालं, पोलीसपाटील आले…

"मंग?"

"मग माझा टर्न संपला."

सासूबाईंचा घास हातातच. "म्हंजे उठली का नाय ती?"

"माहीत नाही."

"ही कसली नोकरी गं! पिच्चर अर्धा बघून उठायचा!" आणि ताट उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी वाघमारे सरांना मुद्दाम विचारून आले, उठली का. उठली होती. घरी येऊन सांगणार, तर टीव्ही चालू होता.

नवऱ्याचंही तसंच. मोहोपाड्याला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. मी निघताना तो झोपलेला, तो येतो तेव्हा मी झोपलेली. फ्रिजवर चिठ्ठी असते : 'भाजी छान होती.' मी खाली लिहिते : 'आईंनी केली होती.' आमचाही टर्नच, फक्त शेजारी येऊन बसायचं राहून जातं.

*

दुसऱ्या वेळी समिती वाटेची जागेवर पाहणी करायला गेली. सोमीबाईचीच वाट. पाच गाड्या, पुढं सरकारी, मागं आमचा टेंपो. मोठं लोखंडी गेट आणि गेटवर वॉचमन.

"गेटपास?"

पेडणेकर साहेबांनी समितीचं पत्र दाखवलं. वॉचमननं ते उलटसुलट करून परत दिलं. "इसपे सेठ का सही नहीं है."

सेठ फोन उचलेना. ज्यांच्या एका सहीनं कायदा पुढं सरकणार, ते अकरा सदस्य पाऊण तास एका बंद गेटसमोर उन्हात उभे! दादासाहेब तेवढे गाडीत बसून होते, एसी लावून.

तेवढ्यात गेटच्या आतून हाक आली. सोमीबाई! कुंपणाच्या तारेत खालून एक ताजं भगदाड होतं, त्यातून ती दोन शेळ्यांसकट केव्हाच आत जाऊन बसली होती.

"येवा की! कवाची थांबलेय तुमच्यासाठनं!"

अध्यक्षसाहेबांनी भगदाडाकडे पाहिलं. स्वतःच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. मग पेडणेकरांकडे.

पेडणेकर साहेब गंभीरपणे म्हणाले, "साहेब, समितीला कुंपणाखालून जाण्याची तरतूद नाही."

पाहणी झाली अशी नोंद झाली. गेटपर्यंत.

*

मग शेवटची सुनावणी. सकाळीच एक शेतकरी आला, भाताची शेती, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. वाट जुनी असल्याचा पुरावा काय, असं विचारल्यावर त्यानं पिशवीतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढला. फ्रेमसकट.

फोटो सदस्यांच्या हातातून फिरू लागला.

"ह्या कोण, वहिनी का?"

"माहेर कुठलं म्हणायचं?"

"शालू भारी होता हो त्या काळी!"

"तुम्ही फार बारीक होतात तेव्हा!"

फोटो अर्ध्या टेबलाचा प्रवास करून आला तरी विधेयकाचा विषय निघेना. शेवटी तो माणूस उभा राहून ओरडला, "सायेब, बायको नाय वं, मागं बघा! मागं वाट हाय!"

मी कंसात '(हशा)' लिहिलं. पण त्याची वाट यादीत गेली, हे महत्त्वाचं.

त्या आठवड्यात मी माझा लग्नाचा अल्बम काढून मागे काय आहे ते बघितलं. सगळ्या फोटोंत भाड्याचा पडदा होता.

*

त्या शेवटच्या सुनावणीच्या दुपारचं सांगते आणि थांबते.

सोमीबाई तिसऱ्यांदा आली होती. दारामागच्या खुर्चीवर, पदर घट्ट लपेटून. तिच्या वाडीचा नंबर बोलणाऱ्यांच्या यादीत शेवटचा. आणि शेवटी दादासाहेबांचा आणि दुसऱ्या एका सदस्यांचा वाद पेटला, खोलीत सगळेच एकदम बोलू लागले. मी '(गोंधळ)' लिहून पेन्सिलीला टोक करायला घेतलं. तेवढ्यात कांदाभजी आली.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "चला, पंधरा मिनिटं चहा." म्हणजे बैठक थांबली. बैठक थांबली की रेकॉर्ड थांबतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. सोमीबाईला कोण सांगणार?

वाघमारे सर चहाला गेले. मला कुणी हाक मारली नाही, म्हणून मी होते तिथेच होते. खुर्चीत.

खोली शांत झाली. भज्यांच्या बशा, चमचे, एवढाच आवाज. सोमीबाईनं इकडेतिकडे बघितलं. इतका वेळ सगळे भांडत होते, आता गप्प बसून खातायत, म्हणजे आता आपली पाळी, असं तिला वाटलं असणार. ती उठली, टेबलाजवळ आली आणि हात जोडून बोलायला लागली.

"टेपाडावरनं निघतो आमी. इहिरीला उजवी घालून खाली. मंग कातळ लागतो. कातळावर मयत टेकवतो, खांदा बदलतो. माझा दादला टेकवला त्या कातळावर. मंग ओढा, मंग शाळा…"

दादासाहेब चटणी मागत होते. पेडणेकर साहेब खिडकीशी फोनवर. अध्यक्षसाहेब तिच्याकडे बघून मान हलवत होते, पण त्यांच्या कानात सचिव काहीतरी सांगत होता.

सोमीबाईनं एकेका तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली. माझ्या हाताकडे. पेन्सिल चालू होती. सवयच ती, कानावर पडलं की हात लिहितो. मग उरलेलं ती माझ्याशीच बोलली.

"माझी सून आली ती बी त्याच वाटंनी. एक शबूद बोलत नव्हती. कातळावर बसली, पोटभर रडली, मंग बोलाय लागली. आता थांबत नाय! ती वाट कुंपनात हाय सायेब. आमाला ती द्या. दुसरा काय मागना नाय."

हात जोडून ती परत जागेवर बसली. चेहरा असा, की काम झालं. पिशवीतून पान काढून चुना लावायला लागली.

चहा संपला. बशा गेल्या. अध्यक्षसाहेबांनी घड्याळ बघितलं, "कामकाज सुरू. किती राहिलेत?"

"एकच वाडी, साहेब. त्यांच्यातर्फे कोणी बोललेलं नाही," पेडणेकर साहेब कागद चाळत म्हणाले. "खंड सहा लागतो. वाट यादीतून वगळायची."

"हरकत नाही ना कुणाची?"

दादासाहेब रुमालाला बोटं पुसत होते. सोमीबाई पान चावत आमच्याकडे समाधानानं बघत होती. तिला वाटत होतं, तिचंच चाललंय.

पेडणेकर साहेब माझ्याकडे न बघता सांगू लागले, "हं, घे. सदर वाडीतर्फे कोणीही निवेदन केले नाही, सबब…"

मी पेन्सिल खाली ठेवली. छापील प्रतीत अध्यक्षांची ओळ असते, सदस्यांची असते, साक्षीदाराची असते. प्रतिवेदकाच्या नावाची ओळच नसते. ती कुठे लिहायची, हे मला आजही माहीत नाही.

"थांबलीस का? सबब लिही," पेडणेकर साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकली, त्या आवाजानं सगळ्यांनी वळून बघितलं. वहीची मागची पानं उलटली.

"साहेब, त्या बोलल्या," मी म्हटलं. "तुमचा चहा चालला होता तेव्हा. वाचू का?"