मैनाबाईच्या वाफ्यातली पंपाची वाळू

मारेगाव सोडलं की पांढरकवड्याच्या रस्त्याला एक पेट्रोल पंप लागतो. ट्रकवाले तिथं डिझेलसाठी थांबायचे आणि वांग्यांसाठी रेंगाळायचे. वांगी मैनाबाईची. पंप झाडायचं काम तिचं, राखणदारी नवऱ्याची म्हणजे बापूजींची, आणि पोरगा अमर तिथंच नळी धरून गाड्या भरायचा. पंपामागच्या दोन खोल्यांत यांची अठरा वर्षं गेली. खोल्या आणि जमिनीतल्या टाक्या यांच्या मधे चिंचोळी जागा होती. तिथं मैनाबाईनं वाफे घातले होते. वांगी, अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर.

काळी माती दुरून भारी दिसते. ओली झाली की चपलेला किलो-किलो चिकटते, वाळली की भेगेत कोंबडीचं पिल्लू हरवतं. तिला मोकळं करायला वाळू लागते, आणि वाळू फुकट कोण देतं? मैनाबाईला मिळायची. पंपावर लाल बादल्यांत वाळू भरून टांगलेली असते. पेट्रोल उतू गेलं, डिझेल सांडलं, की अमर त्यावर वाळू फेकायचा आणि आई ती झाडून घ्यायची. झाडलेली वाळू टाकायची कुठं? वाफ्यात.

"माती कशी भुसभुशीत व्हते," ती सांगायची. "आन् पाहा, माह्या वांग्याले अळी नाही. वासानंच पयते."

अळी पळायची खरी. त्याच वासात मैनाबाईचं डोकं ठणकायचं, दुपारी चक्कर यायची, बोटांच्या बेचक्यांतलं कातडं सोलून लाल व्हायचं. डोकं उन्हानं, चक्कर वयानं, हात साबणानं, असं तिनं एकेका दुखण्याला एकेक कारण वाटून दिलं होतं. वास तर तिला यायचाच नाही. अठरा वर्षांत नाक सरावलं.

वास आला दिपालीला. अमरची बायको, केळापूरची, पाचवा महिना. ताटात वांगं आलं की तिचा पदर नाकाला जायचा.

"काहून वं, माही भाजी गोड नाही लागत?"

"लागते ना आई. पन राकेलावानी वास येऊन राह्यला."

"डोहाळे हायेत ते. अमरच्या टायमाले मले याहिचाच वास येत होता. म्हनून का म्या याहिले फेकून देलं?"

खाटेवरून बापूजी म्हणाले, "देलं असतं तं सुटलो असतो ना बाप्पा!"

महिन्याच्या फेरीला आशाताई पुष्पा आली. दिपालीचं वजन केलं, तर काटा मागच्या महिन्याच्या जागेवरच. पुष्पानं पाणी मागितलं. पहिला घोट तिनं तोंडात फिरवला आणि बाहेर जाऊन थुंकला.

"मावशी, कुठचं पानी हे?"

"मांगच्या बोअरचं. काऊन?"

पुष्पा वाफ्यात जाऊन उकिडवी बसली. चिमूटभर माती तळहातावर चोळली, हुंगली. "मावशी, सांडलेलं पेट्रोल वाळूसंगं तुमी मातीत पेरून राह्यल्या. ते खाली पान्यात उतरते, वर हवेत येते. डोकं दुखते, अंगावर उठते, रगत कमी होते. पोटातल्या लेकराले तं लईच वाईट. दिपालीले हे पानी नको, ही भाजी नको. तुमाले बी नको."

मैनाबाईला ते झोंबलं. "आशा झाली का डाक्टर झाली तू? उद्या घट बसते. माह्याच मातीत बसवतो. गहू उगवले तं सून गुमान ताटातलं खाईन. नाही उगवले तं तू म्हनशीन तसं."

घट बसला. टोपलीत वाफ्यातली माती, मातीत गहू, वर पाण्याचा कळस, शेजारी अखंड दिवा. तिसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या तुळसाबाईच्या घटाला पेरभर कोंब आले. इथं टोपली टकलीच. चौथ्या दिवशी दुपारी मैनाबाई आत आली, तर बापूजी टोपलीत बोटानं भोकं पाडून भिजवलेले गहू कोंबत होते.

"हे काय करता अवो?"

"देवीले मदत."

मदतही वाया गेली. सहाव्या दिवशी सगळे मिळून तीन कोंब निघाले. पिवळे, दोऱ्यासारखे, आडवे पडलेले. नेमकी तेव्हाच तुळसाबाई दर्शनाला आली. तिनं टोपली पाहिली, मग दिपालीचं पोट पाहिलं.

"घट रुसला वं मैना. सुनेचा पायगुन काही बरा नाही वाट्टे."

दिपाली भिंतीला टेकली. मैनाबाईनं सोललेल्या बोटांनी एक कोंब उचलला. मुळाशी काळं पडलं होतं. तो नाकाशी नेला. वास आला नाहीच, पण आता तिचा स्वतःच्या नाकावर भरोसा उरला नव्हता.

"पायगुन तिचा नाही, तुळसे," ती म्हणाली. "वाळू माही हाय. म्या घातली."

मग ती वाफ्यात गेली आणि फळाला आलेली वांगी मुळासकट उपटली. एक झाड, दोन, बारा. ट्रकवाला ओरडला, "अम्मा, एक किलो तो दे दो!" "जहर है भाऊ, आगे जाव," मैनाबाईनं हात झटकले. पंपाच्या मालकासमोर जाऊन सांगून आली, की यापुढं सांडलेली वाळू झाकणाच्या पिंपात जाईल, आणि मातीसकट बोअरचं पाणी तपासून द्या.

राहिला घट. दसऱ्यापर्यंत तो हलवत नाहीत आणि घट बसवणारी बाई घर सोडत नाही. मैनाबाईनं पिशवी भरली.

"दिवा तुमी सांभाळा," ती बापूजींना म्हणाली. "मी सुनेले सांभाळतो."

"आन् देवी?"

"तिलेच तं इचारलं होतं. सांगतलं तिनं."

पांढरकवड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. ठोके ठीक होते, दिपालीचं रक्त मात्र कमी. गोळ्या लिहिल्या, त्या जागेचं पाणी बंद करायला सांगितलं. मग मैनाबाईचे हात उलटेपालटे करून म्हणाल्या, "रक्त तुमचंही तपासायचंय."

तिथून दोघी केळापूरला गेल्या. सून माहेरी जाते हे ठीक, सोबत सासूही पिशवी घेऊन मुक्कामाला उतरली, म्हटल्यावर विहीणबाईचे हात परातीतल्या पिठातच राहिले.

"किती दिस राह्यता, बाई?" तिनं जपून विचारलं.

"मारेगावात नळाच्या पान्याची खोली भेटतवर," मैनाबाई म्हणाली. "याहिले फोन केला हाय. दसरा झाला का शोधाले लागते." मग ओशाळून हळूच, "भांडे घासाले मले नोका देऊ. डाक्टरनीनं हात वल्ले करू नोको म्हनलं."

दिपाली तोंडावर पदर धरून हसली. या खेपेला वासासाठी नाही.