पालथा कागद

बाजाराच्या मागच्या दाराशी, जिन्याखालच्या तिरक्या जागेत टायपिंगवाल्या ताईंचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. उंच माणूस आत आला की जिन्याच्या पोटाला डोकं आपटायचा, म्हणून ताईंनी तिथे जुनी उशी बांधून ठेवली होती. एकोणिसाव्या वर्षी त्या टाइपरायटरवर बोटं बडवायला शिकल्या. तेव्हापासून बावीस वर्षं लोकांचे अर्ज, तक्रारी आणि माफीनामे त्यांच्या हाताखालून जात होते. त्यातले निम्मे तरी त्यांनीच लिहिलेले असत. एखादा म्हणायचा, "साहेबांना जरा चांगलं झोंबेल असं लिहा," आणि ताई असं लिहायच्या की साहेबांना झोंबावं, पण याची नोकरी शाबूत राहावी.

त्यांचा नियम एकच. आलेला कागद टेबलावर पालथा ठेवायचा. बाकावर बसलेल्याला त्यातलं अक्षरही दिसता कामा नये. घर मोडायला निघालेलं एक जोडपं, एकमेकांच्या नकळत, आपापलं पत्र लिहून घ्यायला ताईंकडेच येऊन गेलं होतं. दोघांनाही ते आजतागायत माहीत नाही. दुकान चालत होतं ते मशीनवर नाही, या पालथ्या कागदावर.

त्या वर्षी बाजारातल्या दुकानदार संघटनेची निवडणूक लागली. अध्यक्षपदाला दोघं उभे राहिले. एक भांड्यांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भांडीशेठ म्हणत, आणि दुसरे पडद्यांचं कापड विकणारे पडदेवाले. बुधवारी सकाळी पडदेवाले पत्रक घेऊन आले.

"ताई, या वेळी तुम्हाला त्रास नाही. फोनला सांगितलं, त्यानं लिहून दिलं. तुम्ही नुसत्या दोनशे प्रती काढा."

ताईंना त्रास नाही याचाच जरा त्रास झाला. पण त्यांनी प्रती काढल्या. दुपारनंतर भांडीशेठ आले, त्यांचंही पत्रक तयार. त्याच्याही प्रती निघाल्या. आलेला मजकूर न वाचता छापायची ताईंची पहिलीच वेळ होती. वाचून करणार काय, सुधारायला तर कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला दोघं एकदमच दुकानात शिरले. भांडीशेठनी दोन्ही पत्रकं टेबलावर आपटली, तीही उताणी.

"वाचा, ताई. मोठ्यानं वाचा."

ताईंनी वाचलं. दोन्हीकडे आधी दिव्यांची सोय, मग स्वच्छतागृह, मग माल उतरवणाऱ्या गाड्यांच्या वेळा. त्याच क्रमानं. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण शेवट मात्र जसाच्या तसा: 'तुमच्या सुखदुःखात खांद्याला खांदा लावून उभा राहणारा, तुमच्यातलाच एक.'

"माझा कागद तुम्ही यांना दाखवलात," पडदेवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"यांना काय माझं दाखवायचं राहिलं होतं?" भांडीशेठ म्हणाले. "अख्खा बाजार हसतोय. पोरंसोरं म्हणतायत, दोघांनी एकच शर्ट घातलाय."

समोरच्या टपरीतून घड्याळवाल्या काकांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "माझं मत विचाराल तर..."

"कुणी विचारलं नाही, काका," ताई म्हणाल्या.

एरवी त्या तिथल्या तिथे ठणकावून सांगत्या की इथला कागद बाहेर जात नाही. पण जीभ रेटेना, कारण त्यांना बुधवार आठवला. पडदेवाल्यांच्या प्रती काढताना मशीनमध्ये कागद अडकला होता. तो ओढून काढायच्या गडबडीत मूळ पत्रक झाकणाखाली काचेवरच राहिलं, ते त्यांना भांडीशेठचं पत्रक ठेवायला झाकण उचललं तेव्हा सापडलं. आणि मधल्या वेळात ताई कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणायला गेल्या, तेव्हा भांडीशेठ दहा मिनिटं एकटेच बाकावर बसले होते. ते आले तेव्हा त्यांच्या हातात पत्रक होतं, की ताई परत आल्यावरच ते दिसलं? काही केल्या आठवेना. बरं, त्यांनी झाकण उचललं असतं तर आज इतका कांगावा कशाला केला असता? की म्हणूनच केला?

"फोन द्या तुमचा," त्या पडदेवाल्यांना म्हणाल्या. त्यांनी त्यावर टाइप केलं: बाजाराच्या निवडणुकीला झेरॉक्सवाली बाई उभी आहे, पत्रक लिही. मजकूर भराभरा उमटला. दिवे. स्वच्छतागृह. गाड्या. आणि खाली, खांद्याला खांदा लावून उभी राहणारी, तुमच्यातलीच एक.

ताईंनी फोन दोघांसमोर धरला.

"म्हणजे या फोननं माझं उचलून यांना दिलं," भांडीशेठ म्हणाले.

"मी मंगळवारी लिहून घेतलं. तुम्ही कधी?"

"आता तारखा कोण लिहून ठेवतो? मनात आलं, विचारलं."

"एकाच शिंप्याकडे गेलात दोघं," समोरून काका म्हणाले. "शिंप्याचा काय दोष? मापं दिलीच नाहीत तुम्ही."

ताई सुटल्या होत्या. निदान त्या दोघांना तरी तसं वाटलं. "चुकलं, ताई," पडदेवाले म्हणाले आणि निघताना त्यांनी उशीवर डोकं आपटून घेतलं. ताईंना मात्र सुटल्यासारखं वाटेना. त्या काचेबद्दल बोलल्याच नव्हत्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि यंत्रांबद्दल त्याचं मत ठाम असे. "यंत्राला अक्कल नसते, सवय असते. तू कशाला जीव जाळतेस?"

"अहो, पण कागद काचेवर राहिला ना."

"कुणी बघितला का?"

"तेच तर माहीत नाही."

"मग नाही बघितला," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

शुक्रवारी दोघंही आले, वेगवेगळ्या वेळी, आणि दोघांनी एकच गळ घातली: तुम्हीच लिहा, पण लिहिलंत हे कुणाला कळू देऊ नका. ताईंनी प्रत्येकाला बाकावर बसवून विचारलं, "निवडून का यायचंय तुम्हाला?"

पडदेवाले आधी स्वच्छतागृहाबद्दल बोलले. मग थांबले. "मागच्या दाराला दिवा नाही. तिथे पडून आमच्या हिचा पाय मोडला. तेवढा दिवा लागला तरी मला पुष्कळ आहे."

भांडीशेठना वेळ लागला. "बारा वर्षं सभेला जातोय. मागच्या खुर्चीवर. एकदाही कुणी विचारलं नाही, शेठ, तुम्हाला काय वाटतं?"

"आणि विचारलं तर काय सांगाल?"

त्यांनी विचार केला. "ते अजून ठरवलं नाही."

ताईंना हसू आलं, आणि लगेच विरलं. आपल्याला तरी कधी कुणी विचारलं होतं? आणि विचारलं असतं तर? त्यांनी दोन्ही पत्रकं लिहिली. एकात नुसता तो दिवा. दुसऱ्यात, 'बारा वर्षं मी मागे बसून ऐकलं आहे. आता सगळ्यांचं ऐकून घ्यायला पुढे बसू द्या.' लिहिताना मध्येच त्यांचा हात थांबायचा. हे वाक्य आपलं, की काल त्या फोनवर वाचलेलं डोक्यात राहिलेलं? त्या खोडत, पुन्हा लिहीत, आणि पुन्हा तेच वाक्य येई.

सोमवारी पत्रकं बाजारभर फिरली. दुपारी काका दोन्ही घेऊन आले आणि बाकावर ऐसपैस बसले.

"पडदेवाल्यांचं माणसानं लिहिलंय. कच्चं आहे, पण माणसाचं. भांडीशेठचं मात्र मशीनचं. बघा कसं गुळगुळीत झालंय. मी त्यालाच मत देणार. मशीनला बाजारातले हेवेदावे नसतात. खरं की नाही, ताई?"

ताईंच्या ओठांवर आलं होतं. दोन्ही माझी आहेत, काका, आणि ते गुळगुळीत वाक्य सात वेळा खोडलंय. पण बाकावर आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं, आणि एकटे काका असते तरी काय सांगता आलं असतं?

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी नुसत्या प्रती काढते."

त्यांनी काकांच्या हातातली दोन्ही पत्रकं घेऊन टेबलावर पालथी ठेवली. मग उठून मशीनचं झाकण उचललं. काच रिकामी होती. झाकण खाली केलं, गिऱ्हाइकाचा कागद हातात घेतला आणि पुन्हा एकदा उचलून पाहिलं.