उजव्या हाताचं पाचवं घर

महाराष्ट्र कसा चाललाय हे मंत्रालयात जाऊन विचारण्यापेक्षा भिसेगावातल्या झहीरभाईंना विचारावं, असं कोपऱ्यावरचा सलूनवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. थट्टाच ती, पण अगदी पोकळ नव्हती. झहीर मुकादम एकोणीस वर्षं एका सर्व्हे कंपनीसाठी दारोदार फिरत आले होते. राज्य योग्य दिशेनं चाललंय का, पाणी-रस्ता-दवाखाना याबद्दल समाधानी आहात का, आज निवडणूक झाली तर मत कुणाला द्याल, आणि शेवटी, एक ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं स्वतःचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे. हे प्रश्न त्यांनी पोशीरच्या भातखाचरांत विचारले होते, कुंभिवलीच्या हायवेवरच्या पंक्चरवाल्यांना विचारले होते, कर्जतच्या निवृत्त मास्तरांना विचारले होते. माणूस झोपेत कलमा म्हणतो तसे ते झोपेत प्रश्नावली म्हणत असतील.

घरं कंपनीच ठरवी. देऊळ, मशीद, शाळा अशी एक खूण द्यायची. तिथून उजवा हात धरायचा आणि दर पाचवं घर घ्यायचं. चौथ्या घरातली बाई चहा घेऊन उभी असली तरी तिला नाही विचारायचं, आणि पाचव्या घरातला कुत्रा मोकळा असला तरी ते सोडायचं नाही. झहीरभाईंनी कधी सोडलं नाही. डाव्या पोटरीवर दोन खुणा होत्या त्याच्या.

एवढी वर्षं विचारून त्यांना काय कळलं होतं? एक तर हे, की माणूस राज्याला चार गुण देतो आणि स्वतःला सात. पोशीरचा शेतकरी अर्धा तास तक्रार करी. मोरीवरचा रस्ता खचला, दवाखान्यात डॉक्टर नाही, पोराला कंपनीत कायम करत नाहीत. आणि शिडीचा प्रश्न आला की ताठ बसून म्हणे, "आमचं काय, सात लिवा." मग मुंबईत बसलेली शहाणी माणसं त्यावर अहवाल लिहीत की जनता आशावादी आहे. कसली आशा घेऊन बसलात! झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच होतं ते. दारात आलेल्या परक्यापुढे घरची फाटकी बाजू कोण काढून दाखवतं?

दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गळ्यात ओळखपत्र असे आणि त्यावर नाव. पाणी-रस्त्याचे प्रश्न चालू असेपर्यंत सगळं सुरळीत. मताचा प्रश्न आला की समोरच्याची नजर खाली त्या नावावर येई आणि उत्तर अर्धं पाऊल मागे सरके. काही जण "आमचं अजून ठरलं नाय" म्हणत. काही भली माणसं त्यांना बरं वाटावं म्हणून भलत्याच पक्षाचं नाव घेत. टाळणारे निदान तोंड तरी वाकडं करत. ह्या भल्यांचंच जास्त लागे. झहीरभाई जे ऐकलं ते भरत. नजर भरायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

आणि विचारणाऱ्यानं स्वतःचं काही बोलायचं नाही, हा नियम. मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही. पोशीरच्या मोतीबाईला त्यांनी एकदा विचारलं होतं, "अडीअडचणीला ज्यांच्यावर विसंबून राहता येईल, असं कुणी आहे का तुम्हाला?" बाई पदराला डोळे पुसत बसली. झहीरभाईंनी वाट पाहिली आणि तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा वाचला. नियम पाळला, पण त्या दिवशी घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही.

हे सांगायला घरी कुणी नव्हतं. आयशा जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी फिझा कुवेतला. शुक्रवारी तिचा फोन येई. "अब्बा, बरे आहात ना?" "बरा आहे." एवढ्यात तिकडे नातवंडं भांडायला लागत आणि फोन संपे. चाळीतल्या दोन खोल्या, एक कॉट, आणि दिवसभर लोकांना सुखाचे भाव विचारून आलेला एक माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सोबती म्हणावा असा एकच होता, ओमकार. कुंभिवलीचा, तिशीतला, बडबड्या. पाच वर्षं त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून झहीरभाई खालापूर तालुका हिंडले. दुपारी कुठल्याशा पारावर दोघांचे डबे एकत्र उघडत. सोमवार-गुरुवार सोडला तर झहीरभाईंच्या हातचा बांगडा ओमकारच अर्धा संपवी आणि वर म्हणे, "भाई, हॉटेल काढा, हे काय लोकांची सुखदुःखं मोजताय!"

मग कंपनीनं झहीरभाईंना फेरतपासणीवर घेतलं. दुसऱ्यांनी भरलेल्या घरी जाऊन एवढंच विचारायचं, की आमचा माणूस आला होता का. ओमकारच्या अकरा घरांत ते गेले. अकराही घरी कुणी आलं नव्हतं. त्यानं चहाच्या टपरीवर बसून अकरा माणसांची मतं, समाधान, शिडीच्या पायऱ्या, सगळं आपल्या मनानं भरलं होतं. ऊन फार होतं आणि बायकोचे दिवस भरले होते, एवढंच त्याचं कारण.

"भाई, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

झहीरभाईंनी कळवलं. ओमकारचं काम गेलं. त्यानंतर बाकीची पोरंही त्यांना पाहिलं की चहाचा ग्लास अर्धा टाकून उठायला लागली. ओमकारला मुलगी झाली हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं, तेही बारसं होऊन गेल्यावर. आपण बरोबर वागलो याबद्दल झहीरभाईंना कधी शंका आली नाही. पण बरोबर वागणं काही दुपारी डबा उघडून समोर बसत नाही.

तर मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, त्यांच्याच दारावर टकटक झाली. दारात पंचविशीची मुलगी, हातात टॅब, गळ्यात कार्ड. हर्षला नाव. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा सर्व्हे होता, राज्यातल्या लोकांचं जीवनमान आणि राजकारण याबद्दलचा. झहीरभाईंनी तिच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं आणि मनात घरं मोजली. दत्तमंदिरापासून उजवा हात. सलून धरायचं नाही, ते दुकान. एक, दोन, तीन, चार. बरोबर. पाचवं घर त्यांचंच होतं.

एकोणीस वर्षांत दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मोजलेली पाच घरं आज त्यांच्या दारात येऊन थांबली होती.

"काका, पहिला प्रश्न," हर्षलानं अडखळत वाचलं. "तुमच्या घरात कुणी सर्व्हे कंपनी, जाहिरात, वृत्तपत्र किंवा राजकीय पक्षात काम करतं का?"

हा प्रश्न झहीरभाईंना पाठ होता. अशा माणसांना आतल्या गोष्टी ठाऊक असतात, म्हणून त्यांची उत्तरं धरत नाहीत. 'हो' म्हटलं की धन्यवाद, नमस्कार, पुढचं घर. त्यांनी स्वतः किती जणांना असं दारातून परत लावलं होतं. दाराआड खिळ्याला त्यांचं कार्ड लटकत होतं. त्यांनी खुर्ची त्याच्या पुढ्यात सरकवली आणि ते पाठीमागे झाकून बसले.

"नाही," ते म्हणाले. "मी घरीच असतो."

मुलगी नवखी होती. पर्याय घाईनं वाचत होती, एक प्रश्न तर चक्क गाळला. झहीरभाईंच्या जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. मग मात्र ते बोलायला लागले. राज्य योग्य दिशेनं चाललंय का? नाही, आणि का नाही हेही सांगितलं. मत कुणाला? आयशालाही कधी न सांगितलेलं ते नाव त्यांनी खुशाल घेतलं. दारावरची पाटी मुलीनं वाचली होती, पण तिनं मान वर केली नाही. नुसतं बोट टेकवलं आणि पुढे गेली. त्यांना केवढं बरं वाटलं.

"शिडीवर कितवी पायरी, काका?"

सात म्हणायचं हे ठरलेलंच असतं. त्यांच्या तोंडून निघालं, "तीन."

"अडीअडचणीला विसंबून राहता येईल असं कुणी?"

"नाही."

"कुणीच नाही?" तिनं विचारलं. असं विचारायचं नसतं, पण तिनं विचारलं. आणि झहीरभाई आयशाबद्दल बोलले, कुवेतच्या फोनबद्दल बोलले, नाव न घेता ओमकारबद्दल बोलले. मुलगी टॅब मांडीवर ठेवून ऐकत राहिली. चाळीस मिनिटांनी ती उठली तेव्हा डोक्यावरचा भारा कुणीतरी हात लावून उतरवून घेतल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी चहा ठेवला. चक्क दोन चमचे साखर घातली.

चहा अर्धा झाला आणि मनातला फेरतपासणीवाला जागा झाला. हा फॉर्म खोटा आहे. आतली सगळी उत्तरं खरी असोत, पहिलं खोटं आहे, म्हणजे फॉर्म खोटा. अकरा खोट्या फॉर्मांसाठी एका बाळंतिणीच्या नवऱ्याचं काम घालवलं, आणि स्वतःचा बारावा तसाच ठेवायचा? मग त्या पोराला कुठल्या तोंडानं दोष दिला होता? पण तो रद्द केला तर 'तीन' जाणार. 'कुणीच नाही' जाणार. जन्मात एकदा कुणीतरी विचारलेलं आणि आपण खरं सांगितलेलं, सगळं पुसलं जाणार. चहावर साय धरली. मग त्यांनी चपला घातल्या.

हर्षला पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा खात होती. त्यांना पाहून तिनं घास खाली ठेवला.

"बेटा, माझा फॉर्म रद्द कर. मी सर्व्हेतच काम करतो. खोटं बोललो तुझ्याशी."

तिला क्षणभर कळेना. मग तिचा चेहरा पडला. "काका, दिवसाला आठ लागतात मला. तुमचा धरून चार झालेत. जाऊ द्या ना. कुणाला कळतंय?"

"असंच म्हणाला होता एक जण. त्याचं काम मी घालवलं."

मघाशी ऐकलेलं तिला जुळलं असावं. हळूच तिनं विचारलं, "बाकीची उत्तरं तरी खरी होती ना?"

"पहिलं सोडून सगळी."

हर्षलानं टॅब काढला, दोनदा बोट टेकवलं. कारणाच्या यादीतून 'उत्तरदाता अपात्र' निवडलं. झालं. झहीरभाईंना वाटलं होतं हलकं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून ते कामाचंच बोलले. "अशा वेळी लगतचं पुढचं घर घेतात. माझ्या शेजारचं. चल, दाखवतो."

शेजारी सोनुबाई. पोशीरकडची म्हातारी, नवरा गेलेला, मुलगा बदलापूरला. सहा वर्षं दोघांच्या मध्ये एक भिंत होती आणि बोलणं नळाला पाणी आलं की नाही, एवढ्यापुरतं. झहीरभाईंनी मुलीला दारापर्यंत सोडलं आणि आपल्या खोलीत आले. मुलाखत चालू असताना तिसऱ्यानं ऐकायचं नसतं. ते खिडकी लावायला गेले. पण गॅलरी एकच, सोनुबाईंनी मुलीला दाराशीच बसवलेलं, आणि म्हातारीचा आवाज खणखणीत.

पाणी-रस्ता झालं, मत झालं. शिडीवर सोनुबाईंनी पाच सांगितले, आणि "देवाला कशाला खोटं सांगू" असंही म्हणाल्या. खिडकीची कडी झहीरभाईंच्या हातातच राहिली होती.

"अडीअडचणीला ज्यांच्यावर विसंबून राहता येईल, असं कुणी आहे का, आजी?"

"हाय ना. बाजूचे भाई हायेत."

"ते मदत करतात तुम्हाला?"

"कसली मदत गं! आमी बोलत बी नाय. पन राती भिंतीपलीकडून त्यांचा खोकला येतो. मानूस जागा हाय, हाक मारली तर येल, येवढं वाटतं बघ. मंग मला झोप लागते. एकली बाई मी, नायतर भ्या वाटतं."

हर्षलानं विचारलं, "म्हणजे 'हो' लिहू?"

"लिव की. येकदा सोडून दोनदा लिव."

झहीरभाईंनी आवाज न करता खिडकी लावली आणि कॉटवर बसले. आयशा गेल्यापासून ते रडले नव्हते, ते आता रडले. पलीकडे मुलाखत चालू होती, म्हणून त्यांनी तोंडात रुमालाचा बोळा धरला.